दंडावरचा सेन्सर : आपले अनुभव

मधुमेहात दंडावर लावायचा, सतत साखर मोजणारा सेन्सर ज्यांनी निदान महिनाभर वापरला आहे, त्यांनी त्यातून काय उमगले आणि कुठे फसगत झाली, हे दोन्ही लिहावे. सुरुवात मीच करतो. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा, 7च्या आसपास असल्यामुळे मी निर्धास्त होतो. सेन्सर लावल्यावर दिसले, की पोटात काही नसतानाही पहाटे चारनंतर साखर चढू लागते आणि उठेपर्यंत 190 मिलिग्रॅमवर जाते, तर दुपारी 65पर्यंत उतरते. तीन महिन्यांच्या सरासरीत हे सारे चढउतार जिरून गेले होते.

* * *

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला टाइप 1 मधुमेह आहे. पहिल्याच आठवड्यात रात्री दोन वाजता गजर झाला. आकडा होता 52. धावत गेले, तर ती सेन्सर लावलेल्या दंडावरच कूस करून गाढ झोपली होती. बोट टोचून ग्लुकोमीटरवर पाहिले, तर 118. सेन्सर रक्तातली नव्हे, तर त्वचेखालच्या पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो आणि त्या जागी दाब पडला की आकडा खोटाच घसरतो, हे डॉक्टरांनी नंतर समजावले. गजर मात्र मी बंद केलेला नाही, कारण पुढच्याच महिन्यात तो वाजला तेव्हा मुलगी घामाने चिंब भिजलेली होती आणि ग्लुकोमीटरही 49च दाखवत होता.

* * *

चूक माझीच होती. जेवणानंतर 240 दिसताच घाबरून तासाभरात पुन्हा इन्सुलिन टोचले. आधीच्या डोसचे काम अजून संपलेले नव्हते. दोन तासांनी हात थरथरू लागले. सेन्सरचा आकडा रक्ताच्या पाच-दहा मिनिटे मागे चालतो, त्यामुळे आता आकड्याइतकाच, साखर चढते आहे की उतरते आहे हे दाखवणारा शेजारचा बाणही पाहतो.

* * *

चिकटपट्टीने पुरळ उठले, म्हणून दर वेळी जागा बदलते. एवढेच.

* * *

मी सेन्सर सध्या काढून ठेवला आहे. साखर 70 ते 180च्या दरम्यान दिवसाचा 70 टक्के वेळ राहिली तरी बहुतेक प्रौढांना पुरते, असे डॉक्टर सांगत होते आणि माझा वेळ 84 टक्के भरत होता. तरीही मी दर पाच मिनिटांनी मोबाइल उघडत असे, अगदी बोलणाऱ्या माणसाचे वाक्य अर्धवट तोडून. माझे औषध गोळ्यांवरच भागते, म्हणून डॉक्टरांना विचारून आता तपासणीआधीचे चौदा दिवस तेवढा लावतो.