मदत हवी: पीक विम्यावर पीएचडी, गाइड कसा शोधायचा? (शुक्रवार शेवटची तारीख)

कारंजेकर
शुक्रवारी पाच गाइडची नावं पसंतीक्रमानं भरायची आहेत. विषय ठरला आहे, पीक विमा. पण वेबसाइटवर ज्याच्या-त्याच्या नावापुढे एकच ओळ चिकटवलेली: 'कृषी अर्थशास्त्र, ग्रामीण विकास, सूक्ष्मवित्त'. विम्यावर खरंच कोण काम करतं? माहीत असेल त्यांनी सरळ नावं टाका. लेक्चर नको.

कापूसकोंड्या
कोणतं विद्यापीठ? अमरावती, नागपूर, गोंडवाना की अकोल्याचं कृषी विद्यापीठ? एमए की एमएस्सी अ‍ॅग्री? पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, झाली का? हे न सांगता नावं मागणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

कारंजेकर
कारंजा वाशीम जिल्ह्यात, मग अमरावतीच असणार न भाऊ. एमए. पेट झाली.

मुंबईवारी
विदर्भातल्या शेतीवर काम केलेले दोघे लगेच आठवतात. श्रीजित मिश्रा, ज्यांनी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत असताना शेतकरी आत्महत्यांवर २००६चा अहवाल लिहिला. आणि 'टिस'चे (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आर. रामकुमार, शेतीकर्जावर. दोघांना मेल टाका.

कापूसकोंड्या
अमरावतीच्या यादीत ही नावं भरून काय होणार? यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार गाइड त्याच संस्थेचा कायम शिक्षक लागतो. बाहेरचा माणूस फार तर सहगाइड. यांचे पेपर वाचा, पण फॉर्मात लिहू नका.

रेघोटी
नुसतं 'पीक विमा' म्हटलं की चार अर्थशास्त्रज्ञ चार दिशांना पाहतात. शेतकरी विमा का घेत नाही, हा मागणीचा प्रश्न. विमा मिळाल्यावर तो पेरा बदलतो का, हा वर्तनाचा. अनुदानाचा भार कोणावर, हा सार्वजनिक वित्ताचा. आणि विमाच नसताना गाव एकमेकांना कसं सावरतं, हे तर वेगळंच दालन. तुमचा कोणता?

वेबसाइटवरची ओळ सोडा, असं शोधा:
१. शोधगंगेवर (प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) गाइडच्या नावानं शोधून त्यांच्या हाताखाली सादर झालेले प्रबंध बघा. दहापैकी आठ 'बचत गटांचा अभ्यास' असतील तर तुमचा विमाही शेवटी बचत गटाच्या साच्यात बसवला जाईल.
२. पेपरवरचे जेईएल कोड, म्हणजे अर्थशास्त्रातले विषयवार क्रमांक, बघा. जी २२ विमा, क्यू १४ शेती-वित्त, क्यू १२ शेतकरी कुटुंबाचं सूक्ष्म विश्लेषण. वेबसाइटवरची ओळ दहा वर्षं जुनी असू शकते, कोड त्या त्या पेपरचा असतो.
३. मग फक्त मागच्या तीन वर्षांचे पेपर काढा आणि डेटा कुठला वापरलाय तेवढं वाचा.

राजेहो
काहून एवढं शोधता बाप्पा? एक रुपयाचा विमा बंद केला सरकारनं, त्याच्यावर लिहा न. २०२३च्या खरिपात आणला अन् २०२५मध्ये गुंडाळला. त्याच्याइतका ताजा विषय कुठं भेटन?

नेटवाला
नेट-जेआरएफसाठी अर्थशास्त्राचा पेपर २ काढायचा असेल तर आधी सूक्ष्म आणि स्थूल पक्कं करा, सांख्यिकी शेवटी.

कारंजेकर
@नेटवाला, नेट कोणी विचारलं? @रेघोटी, मागणीचा. आमच्याकडे शेत बुडतं आणि महसूल मंडळाची (काही गावांचा गट) सरासरी चांगली निघते, म्हणून भरपाई येत नाही. त्यामुळे लोक विमा सोडतात का, हे बघायचं आहे.

रेघोटी
हे आधीच लिहायचं होतं! याला बेसिस रिस्क म्हणतात. हिशोब असा. उंबरठा उत्पन्न म्हणजे मागच्या सातपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी गुणिले जोखीमस्तर (योजनेत ठरलेले टक्के). समजा, ते हेक्टरी ८ क्विंटल आलं आणि पीक कापणी प्रयोगांत मंडळाची सरासरी ६ निघाली. तूट दोन भागिले आठ, म्हणजे २५ टक्के. विमा रक्कम ४०,००० असेल तर भरपाई १०,०००. पण मंडळाची सरासरी ८ किंवा जास्त आली तर तुमच्या वावरात एक बोंड नसलं तरी या हिशोबात तुमचं नुकसान शून्य.

सांख्यिकी_मास्तर
राष्ट्रीय नमुना पाहणीची ७७वी फेरी वापरा. फुकट आहे, विम्याचे प्रश्न आहेत.

रेघोटी
तो नमुना राज्याच्या अंदाजासाठी आहे, मंडळापर्यंत उतरणार नाही. त्यापेक्षा कंझरा गावाचा डेटा बघा. मूर्तिजापूर तालुका, म्हणजे तुमच्या शेजारीच. इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं १९७५ पासून तिथली चाळीस कुटुंबं नोंदवली: तीस शेतकरी, दहा भूमिहीन. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंडचा १९९४चा गावातल्या जोखीम-वाटणीवरचा पेपर ज्या तीन गावांवर उभा आहे, त्यातलं एक हेच.

सांख्यिकी_मास्तर
आणि १९९७मध्ये रॅव्हॅलियन आणि चौधुरींनी त्याच डेटातल्या उपभोगाच्या मोजमापावर बोट ठेवलं, ते सांगायचं राहिलं? शिवाय चाळीस कुटुंबांवरून मंडळाच्या सरासरीचं काय कळणार?

रेघोटी
मान्य. म्हणूनच तो प्रश्नावली बांधायला वापरायचा, निष्कर्षाला नाही. खर्च आठवड्याच्या आठवणीवर विचारायचा की महिन्याच्या, हे तिथून शिका.

कारंजेकर
बरं, तीन नावं निघाली. पहिल्या सरांचे पेपर तंतोतंत जुळतात, पण ते दोन वर्षांनी निवृत्त होणार म्हणतात. चालेल न?

कापूसकोंड्या
नाही चालणार. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. उरलेल्या दोघांकडे जागा आहे का, ते आधी विचारा. प्राध्यापकाला ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ विद्यार्थी. मेल दीडशे शब्दांचा: प्रश्न एका वाक्यात, डेटा कुठला, पद्धत कोणती, आणि त्यांचा कोणता पेपर वाचलात. तीस पानांचा सिनॉप्सिस पहिल्याच मेलला जोडू नका, उघडत नाहीत.

कारंजेकर
वाक्य असं जमतं का: 'भरपाई मिळालेल्या आणि न मिळालेल्या शेजारच्या मंडळांच्या हद्दीवरल्या गावांत, पुढल्या वर्षी विमा घेण्यात फरक पडतो का?'

सांख्यिकी_मास्तर
जमतं. हद्दीच्या दोन्ही बाजूंना पाऊस आणि माती सारखीच असते, म्हणून तुलना टिकते. फक्त मंडळं नव्यानं फुटलेली नाहीत ना, ते तहसीलमधून तपासा. फुटलेल्या मंडळाच्या सात वर्षांचे आकडे त्याचे स्वतःचे नसतात.

राजेहो
अन् कर्जासोबत बँकेनं विमा कापलेले लोक वेगळे काढजा. त्यायनं स्वतः थोडीच ठरवलं.