कोच 'हो' म्हणाला म्हणजे झालं असं नाही

बरेच जण म्हणतात की पोरगी स्क्वॉशमध्ये चांगली असेल तर आयव्ही लीगवाले (अमेरिकेतली आठ नामांकित कॉलेजं) स्कॉलरशिप देऊन नेतात, तर तसं नाहीये, त्या आठही कॉलेजांत खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही, जी काय मदत मिळते ती घरचं उत्पन्न बघून. खेळाचा उपयोग होतो तो अ‍ॅडमिशनला, आणि तो मात्र खरंच मोठा असतो.

आमच्या भाचीचं फेन्सिंगसाठी चाललं होतं तेव्हा कळलेली एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाहीये. अकरावी संपली की जुलैपासून कोच मार्कशीट आणि एसएटीचा (तिकडच्या कॉलेज प्रवेशाची परीक्षा) स्कोअर अ‍ॅडमिशन ऑफिसला दाखवून घेतो, त्याला प्री-रीड म्हणतात. एका कोचने फोनवर "तू माझ्या लिस्टमध्ये आहेस" सांगितलं आणि ताईने लगेच पेढे वाटले :) सप्टेंबरात त्याच कोचने दुसरीच मुलगी घेतली. लेखी काही नव्हतंच, भांडणार कुणाशी? ऑक्टोबरपासून अ‍ॅडमिशन ऑफिसकडून लाइकली लेटर, म्हणजे अ‍ॅडमिशन बहुतेक मिळणार असं सांगणारं पत्र, येऊ शकतं, ते हातात पडेपर्यंत बाकीच्या कोचना नाही म्हणू नका. आणि अमेरिकेतल्या एमआयटीत तर तेही नसतं, तिथे कोच फक्त शिफारस करतो.