पोकेमॉन गोल्ड पहिल्यांदाच खेळतेय, लोक यात इतके का गुंततात?

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. ठाणे-वाशी लोकलने रोजचं ऑफिसला जाणं-येणं असतं, बसायला मिळालं की फोनवर काहीतरी खेळत असते, बहुतेक वेळा गाड्यांच्या रेसवाले नाहीतर रंगीत गोळ्या फोडायचे गेम. मागे मावसभावाने त्याचा जुना गेम बॉय कलर आणि पोकेमॉन गोल्डची कार्ट्रिज आणून दिली आणि म्हणाला ताई हे खेळून बघ, मग बोलू. लहानपणी टीव्हीवर कार्टून बघितलेलं, वेफर्सच्या पाकिटातले टाझोही जमवलेले, पण गेम हातात घ्यायचा योग कधी आलाच नाही कारण आमच्या अख्ख्या सोसायटीत हे यंत्र कोणाकडे नव्हतं.

आता तिसऱ्या जिमपर्यंत पोचलेय, म्हणजे जिथे प्रमुखाला हरवलं की बॅज मिळतो ते ठिकाण; गाव गोल्डनरॉड सिटी, प्रमुख व्हिटनी. तिची ती मिल्टँक नावाची गाय एकटी माझी सगळी टीम आडवी करते, त्यावर काय उपाय तेही सांगा. पण खरा प्रश्न वेगळा आहे. स्क्रीन एवढीशी, त्यात लाइट नाही, संध्याकाळी डब्यातल्या ट्यूबच्या बरोबर खाली धरावा लागतो तेव्हा कुठे दिसतं. पात्रं बोलत नाहीत, लढाई म्हणजे दोन चित्रं समोरासमोर आणि खाली दोन ओळी मजकूर. तरी स्टेशन आलं तरी बंद करवत नाही. सगळे म्हणतात लहानपणच्या आठवणींमुळे आवडतो. मला तर या गेमच्या काहीच आठवणी नाहीत, मग मला का आवडतोय? खरंच विचारतेय.

तलावपाळी

आठवणींचा मुद्दा मला कधीच पटलेला नाही आणि तुमचा अनुभव वाचून अजूनच पटेनासा झालाय. आठवणींमुळे माणूस फार तर तासभर खेळेल, पुढे गेममध्ये दम लागतो.

गोल्ड आणि त्याचा जोडगेम सिल्व्हर जपानमध्ये १९९९ च्या नोव्हेंबरात आले आणि त्यांच्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे घड्याळ. आठवतंय का, सुरुवातीला गेमने किती वाजले विचारलं होतं, मग गेममधल्या आईने पोकेगिअर हे फोन-घड्याळवालं यंत्र देताना आज वार कोणता ते विचारलं होतं? ते उगाच नव्हतं. कार्ट्रिजच्या आत खरं घड्याळ चालू असतं, तुम्ही गेम बॉय पर्समध्ये टाकलात तरी ते चालूच. पहाटे ४ ते १० सकाळ, १० ते संध्याकाळी ६ दिवस आणि ६ नंतर रात्र. म्हणजे तुम्ही सकाळच्या गाडीत जे जोहटो, म्हणजे गेममधला प्रदेश, बघता आणि परतीच्या गाडीत जे बघता ते वेगळं आहे, रंग बदलतात तेवढंच नाही, प्राणी बदलतात. रूट २९ वर, म्हणजे अगदी पहिल्याच रस्त्यावर, हूटहूट घुबड फक्त रात्री निघतं. सकाळी कितीही गवत तुडवा, नाही मिळणार. स्पिनॅरॅक कोळ्याचंही तेच.

आणि वारांचं तर विचारूच नका. नॅशनल पार्कात मंगळवार, गुरुवार, शनिवार किडे पकडायची स्पर्धा असते. युनियन केव्हच्या तळाला शुक्रवारी लॅप्रास येतो, फक्त शुक्रवारी. पुढे कँटो या दुसऱ्या प्रदेशात गेलात की सोमवारी रात्री माउंट मूनवर क्लेफेरी नाचताना दिसतात. अझेलियाच्या कर्ट आजोबांना ॲप्रिकॉर्न हे फळ दिलं तर म्हातारा म्हणतो उद्या ये, आणि खरंच उद्याच त्याचा पोकेमॉन पकडायचा बॉल मिळतो. तुमच्या बक्षिसाच्या पैशातला काही भाग आई बाजूला ठेवते आणि मधेच फोन करून सांगते की त्यातून तुझ्यासाठी एक बाहुली घेतली बरं का, ती खरोखर तुमच्या खोलीत येऊन बसते. रस्त्यात ज्यांच्याशी लढलात त्यांना नंबर दिलात तर तेही फोन करतात, तो जोई आपल्या रटाटा पोकेमॉनचं कौतुक सांगायला कधीही फोन करतो.

आता माझा खरा मुद्दा. आजकाल फोनवरच्या गेमनाही वेळ-वार कळतो, पण ते त्याचा वापर आपल्याला ओढायला करतात, आज नाही आलात तर बक्षीस गेलं, सलग दिवस मोडला, पैसे भरा. गोल्डचं घड्याळ कोणाला धमकी देत नाही. शुक्रवार हुकला तर पुढचा शुक्रवार येणारच आहे, लॅप्रास तिथेच असणार आहे. त्या जगाचं आपलं आपलं चाललेलं असतं आणि तुम्ही सवडीने जाऊन यायचं. असं वागवणारा गेम हातात आला की माणूस त्याच्याकडे परत जातोच, वय काही का असेना.

खारघर_टेकडी

आधी व्हिटनीचं सांगतो, मग वाद घालतो.

मिल्टँकचा रोलआउट हा हल्ला दर फटक्याला दुप्पट होत जातो, पाच वेळा. पहिले दोन फटके कोणीही सोसतं, चौथा-पाचवा कोणालाच सोसत नाही. त्यामुळे तो मधेच तोडायचा. तिचा एक फटका जरी हुकला तरी परत पहिल्यापासून सुरू होतो, म्हणून सँड अटॅक किंवा अचूकता कमी करणारी कुठलीही मूव्ह सुरुवातीलाच दोन-तीनदा मारून घ्या. दुसरं, तिच्याकडे समोरच्या नराला भुलवणारा अट्रॅक्ट आहे आणि मिल्टँक मादीच असते, त्यामुळे तुमचा नर पोकेमॉन निम्म्या वेळा हातावर हात धरून बसणार. मादी घेऊन जा. तिसरं, जिओड्यूड हा दगडी पोकेमॉन असेल तर त्याला रोलआउटही कमी लागतो आणि तिचा दुसरा हल्ला स्टॉम्पही. आणि गोल्डनरॉडच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये एक माणूस ड्राउझी घेऊन मॅचॉप देतो, गावाच्या खालच्या रूट ३४ वरच ड्राउझी मिळतो, पकडा आणि बदलून घ्या. मॅचॉपच्या फायटिंग मूव्ह नॉर्मल टाइपवर, म्हणजे मिल्टँकवर, दुप्पट बसतात. एवढं केलं की गाय पडते. पडल्यावर व्हिटनी रडत बसते आणि बॅज देत नाही, घाबरू नका, बाहेर निघायला लागा, एक मुलगी बोलायला येईल, मग परत जाऊन मागा.

आता वाद. तलावपाळी साहेब, घड्याळ छानच आहे, पण ऐरोलीकर ताई ज्यामुळे स्टेशन विसरतायत ते घड्याळ नाही हो, वर मी जे व्हिटनीचं लिहिलं ना ते आहे. परत वाचा. एका गाईला पाडायला चार वेगळे रस्ते आहेत आणि प्रत्येक रस्ता खेळणाऱ्याने आधी काय पकडलं, कोणाला सांभाळलं यावर ठरतो. टीममध्ये सहा, प्रत्येकाला चारच मूव्ह. पाचवी शिकवायची तर एक कायमची विसरायची. ही टंचाई आहे म्हणून तर प्रत्येक निवड मनाला लागते. अडीचशेच्यावर पोकेमॉन, २५१ नेमके, त्यातले सहा तुमचे, आणि दुसऱ्या कोणाचे नेमके तेच सहा असण्याची शक्यता जवळजवळ नाही. मी नेरूळला शाळेत असताना वर्गात जे चार-पाच जण एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर गेम बॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, खेळायचे त्यांच्यात एकाचीही टीम दुसऱ्यासारखी नव्हती आणि प्रत्येकाला आपलीच बरोबर वाटायची.

टाइपचं, म्हणजे पोकेमॉनच्या प्रकारांचं, गणित तर इतकं साधं की पोरगं खेळता खेळता शिकतं, पाणी आगीवर, आग गवतावर, गवत पाण्यावर, आणि त्यावर एवढे मजले चढवलेत की मोठी माणसं अजून त्यावर भांडतात. गोल्डच्या आधीच्या रेड-ब्लू या पहिल्या गेममध्ये सायकिक टाइप डोक्यावर बसला होता, घोस्टने त्याला मारायचं असं ठरलेलं पण कोडमधल्या चुकीमुळे घोस्टच्या मूव्ह त्याला लागतच नव्हत्या. गोल्डमध्ये डार्क आणि स्टील हे दोन नवीन टाइप आणून तो तोल सावरला. म्हणजे बनवणाऱ्यांनी आपलं काम परत उघडून नीट केलं, मला हे फार आवडतं.

पण गोल्डला डोक्यावर घेताना एक गोष्ट बोलली जात नाही, ती मी बोलतो. सातव्या-आठव्या बॅजनंतर गेम बसतो. जंगलात भेटणाऱ्यांची लेव्हल कमी, त्यामुळे टीम वर चढतच नाही, एलीट फोर या शेवटच्या चार बड्या खेळाडूंच्या आधी तासन् तास त्याच त्याच लढाया. आणि सगळ्यात शेवटी माउंट सिल्व्हरवर जो रेड नावाचा खेळाडू उभा असतो त्याचा पिकाचू लेव्हल ८१. मधला सगळा चढ कुठे आहे? त्या बाबतीत २००४ चा फायररेड, म्हणजे पहिल्या रेडचा नवा अवतार, जास्त नीट बांधलेला आहे, पहिल्या गावापासून शेवटपर्यंत दमछाक सारखी. हे संपलं की तो घ्या.

तलावपाळी

लेव्हलचं मान्य, शंभर टक्के मान्य. पण फायररेडमध्ये रात्रच होत नाही हो. घड्याळच नाही त्यात. मला ते गाव सतत दुपारचं वाटतं.

कोपरीकर

दोघंही एक गोष्ट सोडताय, ती म्हणजे दुसरा माणूस.

ज्यांनी हा गेम काढला ते सातोशी ताजिरी, टोकियोच्या बाजूच्या माचिदात वाढले, लहानपणी किडे गोळा करायचा प्रचंड नाद. पुढे माचिदात शेतं-तळी जाऊन इमारती उभ्या राहिल्या, किडे गेले. दोन गेम बॉय जोडणारी लिंक केबल बघून त्यांच्या डोक्यात आलं की या वायरमधून प्राणी एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाऊ शकतील. १९९६ च्या फेब्रुवारीत पहिले रेड आणि ग्रीन आले ते या कल्पनेवर. हे वाचलं तेव्हा मला काही समजावून सांगायची गरज पडली नाही, कारण ठाण्याची माझ्या वयाची पोरं पावसाळा संपता संपता येऊरच्या पायथ्याला चतुर पकडायला जायचीच, काडेपेटीत भुंगे घेऊन शाळेत यायची, आणि तुझ्याकडचा हिरवा दे मी दोन काळे देतो असा सौदा मधल्या सुट्टीत व्हायचा. आता घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या पोरांना कुठला चतुर.

म्हणून एकट्याला हा गेम पूर्ण करताच येत नाही, मुद्दाम तसं केलंय. तुमच्या गोल्डमध्ये ग्रोलिथ मिळेल पण व्हल्पिक्स नाही, ती सिल्व्हरमध्ये. स्कारमोरीही सिल्व्हरमध्ये. हाँटर पोकेमॉनचा वाढून गेंगार व्हायला, मॅचोकचा मॅचॅम्प व्हायला तो दुसऱ्याकडे पाठवावाच लागतो. सायदरला मेटल कोट देऊन पाठवला तर सायझर होऊन पोचतो. आपल्याकडे बहुतेकांनी सायबर कॅफेत नाहीतर घरच्या कॉम्प्युटरवर एम्युलेटरवर खेळलंय, स्पेसबार दाबून गेम पळवायचा आणि केबल ही गोष्ट कधी बघितलीच नाही, त्यामुळे कित्येकांचा हाँटर आयुष्यभर हाँटरच राहिला. खेळ आवडला सगळ्यांना पण त्याचा अर्धा भाग आपल्यापर्यंत आलाच नाही असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडे खरं यंत्र आहे, खरी कार्ट्रिज आहे, भावाकडे दुसरा सेट असेल तर केबल शोधा आणि एकदा तरी पाठवून बघा. स्क्रीनवर तो बॉल वायरमधून जाताना दिसतो आणि समोरचा माणूस ओरडतो, ते काही वेगळंच आहे.

अजून एक, कामाचं. भावाला विचारा कार्ट्रिजमधली बॅटरी बदललीय का. गोल्डमध्ये सीआर२०२५ असते, सेव्ह तिच्यावरच टिकतं आणि घड्याळही तीच चालवते, त्यामुळे रेड-ब्लूपेक्षा या कार्ट्रिज लवकर संपतात. संपली की सगळं पुसलं जातं. बदलायची असेल तर नव्या प्रवासाला निघण्याआधी बदला, कारण काढताना चालू सेव्हही जातं. साधा सेल चालत नाही, पाय जोडलेला टॅबवाला लागतो, आणि स्क्रूही नेहमीचा नाही, ३.८ मिमीचा वेगळा बिट लागतो. मोबाइल रिपेअरवाल्याकडे नेणार असाल तर बिट आणि बॅटरी स्वतः घेऊन जा आणि समोर उभं राहून सोल्डर करून घ्या. एका दुकानात माझ्या ओळखीच्याची कार्ट्रिज साध्या स्क्रूड्रायव्हरने उचकटली, कवच फुटलं.

ऐरोलीकर

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

बॅटरीचं विचारलं, भावाने मला देण्याआधीच बदलून घेतलीय, जिवात जीव आला. व्हिटनी पडली! ड्राउझी देऊन मॅचॉप घेतला आणि पिजीने सँड अटॅक मारत राहिले, तिचा तिसरा रोलआउट हुकला तेव्हा शेजारच्या काकू बघायला लागल्या इतक्या जोरात मी हो म्हटलं. आणि कोपरीकर दादा, भावाकडे सिल्व्हर आहे, केबल कळव्याच्या घरी माळ्यावर असेल म्हणतोय, रविवारी शोधणार आहोत.

तुमच्या तिघांचं वाचून मला माझं उत्तर जवळपास मिळालं असं वाटतंय. मी काल संध्याकाळी मुद्दाम रूट २९ वर परत गेले, घरी जाताना, आणि हूटहूट मिळाला. सकाळी त्याच गवतात तो नव्हता हे मला माहीत होतं, म्हणून मिळाल्याचा आनंद जास्त झाला. फोनवरच्या कुठल्याच गेममध्ये मी असं मागे वळून पहिल्या रस्त्यावर गेलेली नाही.

आता एकच, हा शुक्रवार साधून लॅप्रास घेता येईल का?

तलावपाळी

या शुक्रवारी नाही. तळाला पोचायला पाण्यावरून जावं लागतं, त्यासाठी पोकेमॉनला सर्फ हा डाव यायला हवा. तो एक्रुटीक गावात नाचघरातल्या किमोनोवाल्या पाच मुलींना हरवलं की मिळतो, आणि वापरायची परवानगी तिथल्याच जिमचा प्रमुख मॉर्टी याच्या बॅजनंतर. गोल्डनरॉडहून वर जाताना वाटेत एक विचित्र झाड आडवं येईल, त्याला पाणी घालायची बाटली फुलांच्या दुकानात मिळते, व्हिटनीला हरवलंय म्हणजे देतील.

खारघर_टेकडी

आणि मॉर्टीकडे सगळे घोस्ट आहेत, नॉर्मल आणि फायटिंग मूव्ह त्यांना लागत नाहीत, त्यामुळे मॅचॉपला तिथे बाहेर ठेवा. तुमचा हूटहूट मात्र न्या, फोरसाइट मारली की नॉर्मल मूव्हही लागायला लागतात. गेंगार आधी झोपवतो आणि मग ड्रीम ईटर मारतो, झोप उडवणारं अवेकनिंग दोन-तीन जास्तच घेऊन ठेवा.