'दशावतार' झाला, आता बाबांना पुढचा सिनेमा कुठला दाखवू?

कुडाळची लेक

प्रश्न शेवटी आहे, आधी थोडं पाल्हाळ चालवून घ्या.

गणपती आटोपून बाबा कुडाळहून आमच्याकडे डोंबिवलीला आलेत. मोतीबिंदू. उजवा डोळा सप्टेंबरात झाला, डावा दिवाळीनंतर. मधल्या काळात एकटे घरी जाऊन काय करणार, म्हणून ठेवून घेतलंय. वय ७४, एस.टी.त ३१ वर्षं कंडक्टर. मालिका आवडत नाहीत आणि बातम्या मी लावू देत नाही, बीपी आहे.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर थिएटरात 'दशावतार' दाखवायला नेलं. म्हटलं दिलीप प्रभावळकर आहेत, आपल्याकडचा विषय आहे, खूश होतील. पहिली वीस मिनिटं हे गृहस्थ सिनेमा बघतच नव्हते. काळा गॉगल कपाळावर चढवून एकदा डाव्या डोळ्यासमोर हात धरायचे, एकदा उजव्या. दुखतंय का विचारलं तर म्हणाले, "ह्या डोळ्यान निळो दिसता, त्या डोळ्यान मळको. इतकी वर्सां मी मळकोच बघी होतंय." मागच्या रांगेतून कुणीतरी शुक् केलं.

मग गोष्ट लागली. नजर अधू होत चाललेला म्हातारा दशावतारी नट, आणि मुलगा म्हणतोय बाबा आता पुरे. बाबांनी गॉगल खाली घेतला आणि ताठ बसले ते मध्यंतरापर्यंत.

बाहेर आल्यावर परीक्षण सुरू. प्रभावळकरांना पैकीच्या पैकी. "माझ्यापरास सात वर्सांनी मोठो, आणि बघ कसो नाचता!" पण रात्र पटली नाही. त्याचं असं आहे, हिवाळ्यात बाबांना जत्रा स्पेशलची ड्युटी लागायची. रात्री गाडी देवळाजवळ लावायची, पहाटे परत माणसं भरायची. ड्रायव्हर गाडीत झोपायचा आणि बाबा पैशाची बॅग मांडीवर घेऊन दहीकाल्याला, म्हणजे रात्रभराच्या दशावतारी नाटकाला, बसायचे. आधी आडदशावतार म्हणजे पूर्वरंग, संकासुराच्या मालवणी कोट्या, मग आख्यान. एक बाकडं, एक पडदा, संवाद जागच्या जागी जुळवलेले. त्यांच्या मते खऱ्या नाटकात दोन-अडीचला एक वेळ अशी येते की अर्धे प्रेक्षक पेंगतात, राजा भाषण करतच राहतो आणि पायपेटीवाला त्याला सूर देत जागा ठेवतो. सिनेमात ती वेळच येत नाही. "रात खंय गेली? आणि पखवाज खंय गेलो?" पार्श्वसंगीत जरा जास्तच होतं हे मलाही वाटलं. मला मध्यंतरापर्यंतचा बापलेकाचा सिनेमा जास्त आवडला, पुढे सूड आला आणि मी थोडी बाहेर पडले. रडले मात्र दोन्ही भागांत.

तर प्रश्न असा. आता घरी टीव्हीवर त्यांना काय दाखवू? अटी: कोकण असेल तर खोटी मालवणी नको, तिथे ते वाक्यागणिक दुरुस्त्या करतात. सबटायटल वाचायला लागणारं नको, चष्म्याचा नंबर अजून दिलेला नाही. साडेनऊच्या आत संपायला हवं. तुम्ही अलीकडे काय पाहिलंत तेही सांगा, मला स्वतःलाही हवंय.

अर्धा कप

'किल्ला'. अविनाश अरुणचा. जुना आहे पण मी गेल्याच आठवड्यात तिसऱ्यांदा पाहिला. वडील गेलेले, आईची सरकारी नोकरी, तिची कोकणात बदली होते आणि पुण्याचा पोरगा तिथल्या शाळेत येऊन पडतो. गुहागरकडे शूट झालाय, म्हणजे तुमचा जिल्हा नाही. मालवणीचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे दुरुस्त्याही नाहीत.

सायकलची शर्यत लावून पोरं किल्ल्यावर जातात, पाऊस येतो आणि बाकीचे त्याला तिथेच टाकून पळतात, तो भाग मोठ्या आवाजात बघा. अमृता सुभाष ऑफिसातून घरी येते तेव्हा तिच्या खांद्यावरून कळतं आज साहेब काय बोलला असेल.

'दशावतार'बद्दल तुमच्याशी सहमत. दुसऱ्या भागात मी घड्याळ बघितलं.

रात्रपाळी

मी नर्स आहे, त्यामुळे आधी कामाचं. ड्रॉप्स दोन-तीन प्रकारचे असतील तर दोन बाटल्यांमध्ये पाच मिनिटं तरी जाऊ द्या, नाहीतर दुसरं औषध पहिल्याला धुऊन टाकतं. टीव्हीने डोळा बिघडत नाही, पण चोळू देऊ नका. ७४ वर्षांची माणसं चोळतातच.

आता सिनेमा. तुमच्यासाठी सांगतेय, बाबांसाठी नाही, कारण बराचसा मल्याळममध्ये आहे: 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. २०२४ ला कानमध्ये ग्रां प्री मिळालं ते पायल कपाडियाचं. मुंबईतल्या मल्याळी नर्सेस. मी नाइट करून आले होते, अर्ध्यात झोपेन असं वाटलं होतं. झोपले नाही. प्रभाचा नवरा जर्मनीत, फोन नाही काही नाही, आणि एक दिवस पार्सलमधून राइस कुकर येतो. चिठ्ठीसुद्धा नाही. रात्री ती तो कुकर दोन्ही पायांमध्ये घेऊन जमिनीवर बसते आणि त्याला मिठी मारते. माझ्या रूममेटचं लग्न असंच होतं, तिच्याकडे मिक्सर आला होता.

आणि छाया कदम! हॉस्पिटलातली स्वयंपाकीण, चाळीत वर्षानुवर्षं राहिलेली, पण नवऱ्याने कागदच ठेवलेले नाहीत म्हणून बिल्डर हाकलतोय. शेवटी ती रत्नागिरीकडे आपल्या गावी निघून जाते. बिल्डरच्या जाहिरातीवर रात्री ती आणि प्रभा दगड मारतात तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. नर्सेस कशा दाखवल्यात म्हणाल तर ठीक. आमचे पाय इतके कमी दुखत नाहीत, एवढंच.

जुना रीळवाला

ताई, तुमच्या वडिलांसाठी एकच सिनेमा आहे आणि अजून कुणी नाव घेतलं नाही याचं नवल वाटतं. परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', २००९ चा. दादासाहेब फाळके १९११ मध्ये तंबूतला ख्रिस्ताचा सिनेमा बघतात आणि मग वेडच लागतं. रोज सिनेमे, रात्री घरी मेणबत्तीच्या उजेडात प्रयोग, आणि एक दिवस डोळेच जातात. बरे होतात नंतर. तुमच्या बाबांच्या उजव्या डोळ्याला हे सगळं समजेल.

दुसरं म्हणजे, दहीकाल्यात बायकांची कामं पुरुष करतात. फाळक्यांनाही तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, अण्णा साळुंके नावाच्या खाणावळीतल्या आचाऱ्याला साडी नेसवली. जत्रेत स्त्रीपार्टी बघत आयुष्य गेलेल्या माणसाला त्यात हसण्यासारखं काय वाटतं आणि काय वाटत नाही, हे मला ऐकायचंय. नंदू माधव अप्रतिम. हलका, झटपट, दीड तासाच्या आसपास संपतो.

पाणीपुरी प्लेट दुसरी

मी नुकताच 'सबर बोंडं' पाहिला. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात बक्षीस मिळालं एवढंच माहीत होतं, आईला घेऊन गेलो. मुंबईचा मुलगा वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. मला वाटलं बापाच्या दुःखाचा सिनेमा आहे. अर्ध्या तासाने कळलं की गावातला मित्र हा नुसता मित्र नाहीये. मी खुर्चीत आक्रसून बसलो, आईकडे बघायची हिंमत होईना. ती बाहेर येऊन काय म्हणाली सांगू? "त्या नातेवाइकांना दुसरं काही काम नाही का? माणूस जाऊन चार दिवस नाही झाले आणि पोराच्या लग्नाचं काढतात." बाकी विषयावर चकार शब्द नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आईला ठाऊक होतं बरं त्याचं."

कोकण नाही, देशावरचं गाव आहे. पार्श्वसंगीत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे तुमच्या बाबांची ती तक्रार मिटते. पण संथ आहे. साडेनऊच्या आधीच झोपतील.

अर्धा कप

अरे हो, त्याच अविनाश अरुणचा 'थ्री ऑफ अस' राहिला! शेफाली शाह, जयदीप अहलावत, स्वानंद किरकिरे. हिंदी आहे, पण वेंगुर्ल्यात घडतो. शैलजाला विसरायला व्हायला लागलंय, सगळं पुसलं जायच्या आधी नवऱ्याला घेऊन ती लहानपणीच्या गावी जाते, तिथे शाळेतला मित्र. विषय जड आहे. म्हाताऱ्या माणसाला विसरण्याबद्दलचा सिनेमा दाखवावा का, हे तुम्ही ठरवा.

कुडाळची लेक

सगळ्यांना धन्यवाद. ड्रॉप्सचं पाच मिनिटांचं ऐकलं, मी एकामागून एक घालत होते. चोळतात. हो.

अहवाल देते.

'किल्ला' मंगळवारी. अर्धा कप, तुम्ही म्हणालात म्हणून आवाज वाढवला, शेजारच्या काकूंनी बेल वाजवली, त्याही बसल्या. किल्ल्यावरचा पाऊस संपल्यावर बाबांचा शेरा: "पावस बराबर पडलो." त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. माझ्या लग्नातल्या जेवणालाही "बराबर" एवढंच म्हणाले होते. अमृता सुभाषबद्दल म्हणाले की ही बाई बदलीच्या गावी पहिले सहा महिने ट्रंक उघडणार नाही. आमची आई अशीच होती.

'फॅक्टरी' गुरुवारी. फाळक्यांचे डोळे जातात तिथे बाबांनी रिमोट मागितला, मागे नेलं आणि परत पाहिलं. मी म्हटलं, बंद करू? "नको. तो बरो होता ना?" होतो म्हटल्यावर पुढे. रीळवाले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: साडी नेसलेल्या पुरुषांवर ते अजिबात हसले नाहीत. शेजारच्या काकू हसत होत्या तर यांना राग आला. आमच्याकडे स्त्रीपार्टी काम करणारा माणूस रंग लावून बसला की त्याला जत्रेत कुणी नावाने हाक मारत नसे, असं सांगितलं. सिनेमात पदर नीट घेतलेला नाही हीसुद्धा तक्रार आहे.

'थ्री ऑफ अस'बद्दल दोन दिवस ठरत नव्हतं. शेवटी लावला, कारण कुडाळ-वेंगुर्ला ही त्यांची कितीतरी वर्षांची रूट. पावणेदोन तासांच्या आतला सिनेमा आम्ही जवळजवळ तीन तास पाहिला. दर मिनिटाला "थांबव, थांबव." टीव्हीजवळ जाऊन उजवा डोळा पडद्याला लावायचा, हा कुठला रस्ता, ती भिंत कुणाची, इथे पूर्वी काय होतं. कथेकडे लक्षच नव्हतं, मी म्हटलं बरंच झालं. साडेनऊ होऊन गेले तरी जागे. मग शेवटाकडे जत्रेतला तो मोठा पाळणा येतो, दोघं त्यात बसून बोलतात. तिथे थांबव म्हणाले नाहीत.

संपल्यावर विचारलं, "ती सगळा विसारतली?" हो म्हटलं. थोडा वेळ गप्प, आणि मग कुडाळ स्टँडपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा एकेक स्टॉप म्हणून दाखवायला लागले, बोटांवर मोजत, भाड्याच्या टप्प्यांसकट. मला त्यातले चारच माहीत. एका ठिकाणी अडले. दोनदा मागे जाऊन आले, तरी तिथेच. मी म्हटलं राहू दे, झोपा.

अकराला शेवटचा ड्रॉप घातला. डोळा मिटून पाच मिनिटं पडायचं असतं. तसेच डोळे मिटलेले असताना म्हणाले, "गावलो गो."

रात्रपाळी

कुठला स्टॉप??

कुडाळची लेक

सांगत नाहीत. म्हणतात, आधी तिकीट काढ.