तळघराच्या खिडकीबाहेरच्या खड्ड्यात पावसाचे पाणी साचते. भाडेकरूने काय करावे?

प्रश्न (सुदामानगर, इंदूर):
आम्ही राहतो त्या भाड्याच्या घरात तळघराच्या खिडकीबाहेर उजेडासाठी विटांचा खड्डा बांधलेला आहे. जोराचा पाऊस झाला की तो भरतो आणि चौकटीतून पाणी आत झिरपते. त्या खोलीत मुलगा झोपतो, आणि जिन्याखेरीज बाहेर पडण्याचा तेवढाच मार्ग आहे. घरमालक खड्ड्यावर पत्रा कायमचा ठोकून देतो म्हणतात. तो ठोकू द्यावा काय?

प्रतिसाद १:
पाणी नेमके कुठून येते, हे आधी पाहावे. चार फूट बाय तीन फूट तोंडाच्या खड्ड्यात ५० मिलिमीटर पावसाचे थेट पडणारे पाणी सुमारे ५५ लिटरच भरते. त्याच पावसात १,००० चौरस फुटांच्या गच्चीवरून मात्र साडेचार हजार लिटरांहून अधिक पाणी उतरते, आणि गच्चीचा पाइप खड्ड्याजवळ सुटत असेल तर पत्रा ठोकूनही ते जमिनीतून आत येणारच. तळाशी खडी घालून पाणी मुरेल, या भरवशावर आपल्याकडे राहू नये. माळव्याची काळी माती भिजली की फुगते आणि पाणी फारसे जिरू देत नाही. उन्हाळ्यात तीच माती आक्रसून भिंतीपासून सुटते व पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगेतून सरळ खाली जाते. म्हणून पाइप लांबवून पाणी दूर सोडावे, भेगा बुजवून भिंतीपासून दूर दहा फुटांत सहा इंच उतार द्यावा आणि खड्ड्याचा काठ जमिनीपेक्षा वीतभर उंच करावा. माझ्या मते एवढ्यानेच बहुतेक त्रास संपेल.

प्रतिसाद २:
पत्रा मुळीच ठोकू देऊ नका, मुलगा तिथे झोपतो. अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेनुसार तळघरातील सुटकेच्या खिडकीवरचे झाकण आतून किल्ली वा हत्याराशिवाय उघडावे लागते आणि खड्डा ४४ इंचांहून खोल असल्यास कायमची शिडी बसवावी लागते. तो नियम इथला नसला, तरी आग इथेही लागते. बिजागरीचे, उतरते, हलके पॉलिकार्बोनेटचे झाकण बसवा, उजेडही येईल.

प्रश्नकर्ती:
पाइप खरोखरच खड्ड्याशेजारी सुटतो. खर्च कोणी करायचा?

प्रतिसाद ३:
आधी भाडेकरार वाचा. दुरुस्ती मालकाकडे असेल, तर छायाचित्रांसह लेखी कळवा. वाजवी मुदतीत त्यांनी ती केली नाही, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास, भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. झाकणासाठी मात्र मालकांची लेखी संमती घ्या.