मदत हवी आहे : बाबांची शेतीसंरक्षणाची बंदूक घरात कायद्याप्रमाणे कशी ठेवावी?

माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, पण इथे कोकणातली बरीच माणसं आहेत म्हणून विचारते.

माझं माहेर सिंधुदुर्गातलं. बाबा ७६ वर्षांचे. त्यांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना आहे आणि एक एकनळी बारा बोअरची बंदूक. माझ्या आठवणीत ती कायम माजघराच्या दाराआड खुंटीवर. काडतुसं तांदळाच्या पिंपामागे बिस्किटाच्या डब्यात. आम्ही भावंडं तिच्याखालून पळापळी करत मोठी झालो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

यंदा गणपतीला गेले तेव्हा माझा पुतण्या, वय वर्षं नऊ, खळ्यात तीच बंदूक खांद्याला लावून उभा होता. बाबा झोपाळ्यावरून हसत म्हणाले, "रिकामी आसा ती. घाबरतंस कित्याक?" मग उठून त्यांनी खटका दाबून नळी मोडून दाखवली. रिकामीच होती. पण उघडेपर्यंत त्यांनाही खात्री नव्हती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी दादाकडे विषय काढला. तो म्हणतो, कायद्यात कपाटाचं काही नाही, परवाना आहे म्हणजे झालं. त्यातच आता परवाना दादाच्या नावावर करायचा आहे आणि कागदपत्रांत "शस्त्र सुरक्षित ठेवीन" असं हमीपत्र द्यायचंय. तर माझे प्रश्न :

१. सुरक्षित म्हणजे नक्की काय? साधं गोदरेजचं कपाट चालतं का?
२. किल्ली कुणाकडे असावी? बाबांना दिसायला कमी झालंय, सगळ्या किल्ल्या वहिनीच्या कमरेला असतात.
३. मे महिना संपला की आईबाबा दोन-तीन महिने माझ्याकडे ठाण्याला येतात. तेव्हा बंदुकीचं काय?

"विकून टाका" हा सल्ला कृपया नको. वानरांनी केळी आणि नारळ ठेवलेले नाहीत, रानडुकरांनी भात. फटाक्यांना ते आता ओळखतात.

सुरंगी

उत्तर माहीत नाही, पण आमच्याकडेही खुंटीच आहे. वाचतेय.

जुना कारकून

मी वकील नाही. शस्त्र परवान्याच्या टेबलावर काही वर्षं काढली आहेत, त्या भरवशावर लिहितो.

तुमच्या दादाचं म्हणणं अर्धं बरोबर. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम यांत शेतकऱ्याच्या एका बंदुकीसाठी पत्रा किती मिलिमीटर, कुलूप कुठलं, असं मोजमाप दिलेलं नाही. पण मोजमाप नाही म्हणजे जबाबदारी नाही असं नव्हे. हमीपत्रावर सही तुमची. परवान्याची अट मोडली तर कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड किरकोळ वाटेल, पण कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्दही होतो, आणि तो गेला की परत मिळवताना चपला झिजतात.

आता किल्ली. सगळी गोम तिथेच आहे. परवाना हा घराला नसतो, माणसाला असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच सांगितलंय की "ताबा" म्हणजे वस्तू हातातच असली पाहिजे असं नाही, तिच्यावर जाणीवपूर्वक नियंत्रण असलं तरी तो ताबा. कपाटात बंदूक आहे हे ठाऊक आहे आणि किल्ली कमरेला आहे, असं कुणी उद्या वहिनींबद्दल म्हटलं तर तुम्ही काय उत्तर देणार? प्रत्येक घरावर गुन्हा दाखल होतो असं मी म्हणत नाही. पण काही विपरीत घडल्यावर पहिला प्रश्न हाच येतो.

एक विचारू का? बंदूक प्रत्यक्षात वापरतं कोण?

माहेरवाशीण

खरं सांगायचं तर दादा. बाबांना पाच-सहा वर्षं झेपत नाही. दादा संध्याकाळी बागेत एखादा बार काढतो, वरच्या वर, वानरं पळवायला.

जुना कारकून

हे आजपासून थांबवा. कपाट नंतर.

परवान्यावर वापरासाठी दादाचं नाव नोंदलेलं आहे का ते आधी बघा. नसेल तर त्याच्या हातातली ती बंदूक विनापरवाना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान २ आणि कमाल ५ वर्षं आहे. कलम ३ मध्ये एक सवलत आहे, तिचा लोक भलताच अर्थ लावतात. परवानाधारकासमोर किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने दुसरा माणूस बंदूक नेऊ शकतो, पण ती दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाने वापरण्यासाठी. बाबांची चिठ्ठी खिशात घालून वानरांवर बार काढणं यात बसत नाही.

चांगली बातमी अशी की तुमचा मार्ग सोपा आहे. परवानाधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली, किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, की तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. त्यासाठी दादाचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला, ते हमीपत्र, आणि बाकी वारसांची ना-हरकत. म्हणजे ताई, तुमचीसुद्धा सही लागणार. परवान्यावर यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, चढलाय का तेही तपासा. जुन्या पुस्तिकांत तो राहून गेलेला असतो.

बाबांच्या माघारी करू म्हणून थांबू नका. परवानाधारक गेला की कलम २१ प्रमाणे बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत ते कुणाला सुचत नाही.

माहेरवाशीण

माझी सही लागते हे दादा मला बोलला नव्हता! बरं झालं कळलं. कपाट आल्याशिवाय सही नाही.

चाप आणि घोडा

कपाटाचं मी सांगतो, माझ्याकडे दुनळी आहे.

गोदरेजच्या आतल्या लॉकरमध्ये बारा बोअर मावत नाही, ती साधारण चार फूट लांब असते. मी फॅब्रिकेटरकडून पाच फुटी अरुंद पेटी करून घेतली. जाड पत्रा, बिजागऱ्या आतल्या बाजूला, आणि वर वेगळ्या कुलपाचा छोटा कप्पा काडतुसांसाठी. दोन कुलपं, दोन किल्ल्या. पेटी भिंतीला आतून बोल्टने आवळायची, नाहीतर चोर बंदुकीसकट पेटीच उचलून नेतो. घर चिऱ्याचं असेल तर साधे फास्टनर धरत नाहीत, जांभा भुसभुशीत. भिंतीतून आरपार बोल्ट काढून पलीकडे पट्टी लावा.

एकनळीला अजून एक सोपा उपाय आहे. नळीखालचा लाकडी तुकडा काढला की नळी आणि दस्ता वेगळे होतात. नळी एका कपाटात, दस्ता दुसऱ्यात. मुलाच्या हाती काहीही लागलं तरी ती बंदूक नसते. ठेवण्याआधी नळी मोडून उजेडाकडे धरायची, आरपार दिसलं पाहिजे. हे दर वेळी. आत्ताच बघितली होती, असं म्हणायचं नाही.

आणि कोकणातला पाऊस! बंदूक कॅनव्हासच्या किंवा चामड्याच्या खोळीत घालून पेटीत कोंडू नका. खोळ ओल धरते, श्रावणापर्यंत नळीला तांबेरा. नुसत्या तेलाच्या फडक्याने पुसून उभी ठेवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्याला बदला. पिंपामागची काडतुसं जुनी कागदी असतील तर ती दमटपणाने फुगतात आणि नळीत अडकतात. ती वापरू नका, फेकूही नका. विक्रेत्याला दाखवा.

ऱ्हाइनकाठचा

थोडं अवांतर, पण किल्लीवरून आठवलं. मी जर्मनीत नेमबाजी क्लबात आहे. इथे सगळं मापात. ६ जुलै २०१७ पासून नवीन घेतलेली तिजोरी ईएन ११४३-१ या तिजोऱ्यांच्या युरोपीय मानकातल्या किमान ‘शून्य’ नावाच्या दर्जाची लागते, आणि अधिकारी न सांगता घरी येऊन बघू शकतात. २००९ मध्ये विनेंडेनच्या शाळेत एका मुलाने गोळीबार केला. पिस्तूल वडिलांचं, झोपायच्या खोलीत कुलपाबाहेर ठेवलेलं. त्यानंतर ही तपासणी आली, आणि वडिलांनाही शिक्षा झाली.

तरी एवढ्या नियमांत किल्ली कुठे ठेवायची हे लिहिलेलं नव्हतं! एकाच्या घरी चोरी झाली, चोरांनी हलक्या तिजोरीतून किल्ली काढून बंदुका नेल्या. २०२३ मध्ये म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की किल्लीसुद्धा बंदुकीइतक्याच भक्कम तिजोरीत हवी. म्हणजे तिजोरीच्या किल्लीसाठी तिजोरी. तेव्हापासून बरेच जण नंबरच्या कुलपाकडे वळले. तुम्हीही तसंच करा, यांत्रिक घ्या, दमट हवेत बॅटरीचा भरवसा नको.

माहेरवाशीण

बाबांना नंबर पाठ होणार नाही. झालाच तर दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीला पाठ असेल. त्यामुळे किल्लीच.

जुना कारकून

तिसरा प्रश्न राहिला. आईबाबा ठाण्याला आले की बंदूक सुरक्षित ताब्यासाठी विक्रेत्याकडे ठेवा, भाडं घेतात, पावती देतात. पावती जपा. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन वेळा जमा केली असेलच तुम्ही, तसंच हे. (निवडणुकीत सरसकट सगळ्यांनी जमा करायची नसते, जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. पण तो वेगळा धागा होईल.) दादाच्या नावावर परवाना झाला आणि तो गावीच राहत असला की हा प्रश्न सुटेल.

डुकरांबद्दल एकच. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे मारायची परवानगी नव्हे. त्याला १९७२ चा वन्यजीव कायदा वेगळा आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय नाही.

माहेरवाशीण

सगळ्यांचे आभार. ताजा अहवाल : दादा दोन दिवस फुगून होता, काल स्वतःच फॅब्रिकेटरकडे माप देऊन आला. परवान्यावर त्याचं नाव नाही, बघितलं. तोवर बंदूक विक्रेत्याकडे जमा केली. बाबा स्वतः गेले होते, रिक्षाने, बंदूक धोतराच्या पानात गुंडाळून मांडीवर.

शेवटची शंका. पेटीची दुसरी किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली तर चालेल ना?

जुना कारकून

उत्तम. लॉकर कुणाच्या नावावर?

माहेरवाशीण

बाबा आणि वहिनी.