‘सुट्टीत फोनमध्ये हवीच अशी २५ अ‍ॅप्स’ या यादीला माझं उत्तर

कृष्णाकाठ:
चकोर यांनी परवा ‘सुट्टीत मुलांच्या आणि मोठ्यांच्या फोनमध्ये हवीच अशी २५ अ‍ॅप्स आणि गेम’ ही यादी टाकली. आमच्या शाळेतल्या पालकांच्या गटावर ती तीनदा फिरून आली, म्हणून सविस्तर लिहिते. २५ पैकी दोन फोन ‘साफ’ करणारी, एक टॉर्चचं (टॉर्च प्रत्येक फोनमध्ये असतोच), चार नाणी गोळा करून कूपन देणारे गेम आणि मुलांसाठी म्हणून रंग जुळवायचे पाच खेळ. उरलेली बरी आहेत, पण पालक वाचतात ती वरची दहाच.

त्यातला रंग जुळवायचा एक खेळ मी चौथीतल्या मुलीशेजारी बसून पाहिला. एक डाव तिने चाळीस सेकंदांत संपवला. मग जाहिरात. कोपऱ्यात फुली यायला अर्धं मिनिट लागलं आणि आली ती तिळाएवढी. तिचं बोट फुलीच्या शेजारी पडलं, दुसऱ्याच गेमचं पान उघडलं, तिने तोही उतरवायला घेतला. वीस मिनिटांत आईच्या फोनमध्ये तीन नवे गेम. ती पोर खेळत नव्हती, फुली शोधत होती.

सुचवायचंच असेल तर हे सुचवा. बुद्धिबळासाठी लिचेस. फ्रान्समधली ना-नफा संस्था चालवते, २०१० पासून आहे, जाहिरात एक नाही, कोडी हवी तेवढी सोडवा. सायमन टॅथम या ब्रिटिश प्रोग्रामरचा कोड्यांचा संग्रह आहे, चाळीसच्या आसपास कोडी, नेट लागत नाही, पैसे लागत नाहीत. पक्ष्यांसाठी कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं मर्लिन. फोन आवाजाकडे धरला की पक्षी कोणता असेल ते सांगतं. आपल्या भागाचा पॅक आधी वाय-फायवर उतरवून ठेवला की रानातही चालतं. रात्री गच्चीवर ताऱ्यांची ओळख करून देणारं स्टेलॅरियम. मुलं स्वतःहून फोन खाली ठेवून वर आकाशात बघायला लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

चकोर:
ताई, दोन रात्री जागून केलेली यादी आहे ती. तुम्ही वरची दहा धरून झोडपलीत. माझं कटलरीचं दुकान आहे. सकाळी नऊ ते रात्री नऊ उभा असतो. घरी आल्यावर मला कोडं सोडवायचं नसतं, उंट कुठे सरकवायचा याचा विचार करायचा नसतो. माझ्यासारखे हजारो आहेत. त्यांनी काय खेळायचं?

तुम्ही रंग आणि फाशांच्या खेळांना हसता. २०२० च्या टाळेबंदीत माझे वडील सांगलीत एकटे अडकले होते. आई आधीच गेलेली. बहीण नाशिकला, मी पुण्यात, चुलतभाऊ बेळगावात. रोज रात्री साडेआठला आम्ही चौघं लूडो किंगवर बसायचो. २०१६ साली आपल्या नवी मुंबईत तयार झालेला गेम. वडिलांना फोनवर बोलायला सुचायचं नाही. ‘जेवलास का’च्या पुढे त्यांची गाडी जायची नाही. पण माझी सोंगटी मारली की तासभर बोलायचे. तुमच्या कसोटीत हा खेळ नापास आहे, कारण त्याला नेट लागलं आणि मध्ये जाहिराती आल्या. माझ्या घरात तो पहिला आहे.

कृष्णाकाठ:
वडिलांबरोबर खेळलात त्याबद्दल मी काय बोलणार? तो डाव चांगलाच होता. माझं भांडण ‘मुलांसाठी’ या शब्दाशी आहे. तुम्ही ४५ वर्षांचे, जाहिरात कोणती आणि खेळ कोणता हे तुम्हाला कळतं. सात वर्षांच्या मुलाला कळत नाही. माझ्या भाच्याने एका गेममध्ये ‘हिरे’ घेतले आणि बहिणीच्या खात्यातून १,७९९ रुपये गेले. महिनाभर पत्रव्यवहार केला, एक रुपया परत आला नाही.

वर्धेची_काकू:
हिऱ्यांचं काय घेऊन बसलात! आमच्या नात्यातल्या एका मुलाने पत्त्यांच्या अ‍ॅपवर बायकोचं मंगळसूत्र घालवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा त्याच्या आईने देवापुढे साखर ठेवली. ‘नाणी गोळा करा’वाले चार गेम यादीत बघून माझ्या पोटात गोळा आला. त्यात पैसे लावत नाहीत हे मान्य. पण सवय तिथूनच लागते. चकोरभाऊ, ते चार काढा.

आणि बुद्धिबळाबद्दल थोडं. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून आमच्याकडे घरोघरी पट आले. माझी नात लिचेसवर भराभर खेळते, पण स्पर्धेत बसली की हात लावलेली सोंगटी परत ठेवते, आणि पंच तीच हलवायला लावतो. फोनवर बोट सरकवून ही शिस्त लागत नाही. आधी लाकडी पट, मग फोन.

मधला_डबा:
सगळे मुलांवर आणि खेळांवर घसरलात. अहो, अ‍ॅप म्हणजे कामाची वस्तू. कल्याणहून रोज भायखळ्याला जाणाऱ्याला विचारा. एम-इंडिकेटरशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. वेळापत्रक नेट नसताना दिसतं, फलाट कोणत्या बाजूला येणार ते कळतं, रविवारचा मेगाब्लॉक आधी समजतो. गेल्या महिन्यात आईला डोंबिवलीहून दवाखान्यात न्यायचं होतं, तिचे गुडघे गेलेत. दार कोणत्या बाजूला उघडणार हे आधी माहीत होतं म्हणून दोन स्टेशन आधीच तिला त्या बाजूला उभी केली. २५ च्या यादीत हे नाही आणि टॉर्च आहे, याचा मला खरंच राग आला.

बांधावरून:
नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला. यादी पुण्यामुंबईच्या माणसाने केली आहे हे लगेच कळतं. आमच्याकडे दोनच अ‍ॅप महत्वाची. एक दामिनी एक मेघदूत. दामिनी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलं. तुमच्या भोवती २० किलोमीटर ४० किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर सांगतं. मेघदूत मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकर्यांना सल्ला देतं मराठीत. मागच्या मृगात आम्ही नऊ माणसं सरकी लावत होतो. वार्यावर ढग लांब दिसत होते ऊन पण होतं. पोराने फोन दाखवला आणि म्हणाला बापू उठा. मी म्हणालो दोन ओळी राहिल्या त्या उरकू. बायको ऐकेना. सगळे उठून गोठ्यात आलो. दहा मिनिटात आमच्या लिंबावर पडली. झाड वरून खाली चिरलं. त्याच लिंबाखाली आम्ही डबे ठेवले होते. हे मी बोलून लिहितो आहे टाइप येत नाही.

ऱ्हस्वदीर्घ:
आपण वाचलात, आनंद आहे. पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘शेतकर्यांना’ असा शब्द मराठीत नाही. शेतकऱ्यांना. ‘वार्यावर’ नाही, वाऱ्यावर. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. बोलून टायपिंग आणि रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारे कीबोर्ड यांनी हा पाळण्यासारखा र मारून टाकला आहे. यादीत एक तरी धड मराठी कीबोर्ड हवा होता.

लेस्टरची_लेक:
माणूस विजेतून वाचल्याचं सांगतोय आणि तुम्ही रफार मोजताय?

मधला_डबा:
हेच म्हणतो. लाज वाटायला हवी.

ऱ्हस्वदीर्घ:
लाज मला एकदाच वाटली, ती का ते सांगतो. कोल्हापुरात पंचवीस वर्षं डीटीपी करतो. दहा वर्षांपूर्वी एका ट्रस्टचा वार्षिक अहवाल माझ्याकडे होता. भंडाऱ्याच्या खर्चात ‘आचाऱ्यांना मानधन’ अशी ओळ होती. नव्या मुलाने रोमनमधून टाइप केलं, छापून आलं ‘आचार्यांना मानधन’. सर्वसाधारण सभेत एक म्हातारे सभासद उठले. ट्रस्टने कोणत्या आचार्यांना पैसे दिले, कधी, कुणाच्या ठरावाने? अर्धा तास गोंधळ. हिशेबनीस बिचारा रडकुंडीला आला. ५०० प्रती मी माझ्या खिशातून पुन्हा छापून दिल्या. त्या दिवसापासून माझ्याकडे प्रत्येकाने इनस्क्रिप्टच शिकायचं. १९८६ साली सरकारने ठरवलेली कीबोर्डची मांडणी आहे. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. झाला ऱ्य. तीन बोटं. पंधरा दिवसांत हात बसतो, आणि तीच मांडणी बंगालीला, गुजरातीला, तमिळलाही चालते.

लेस्टरची_लेक:
काका, तुमच्या दुकानात ते बरोबर आहे. माझ्या घरात नाही. माझा मुलगा ११ वर्षांचा, जन्म इथला, इंग्लंडचा, शाळा इंग्रजी. त्याला देवनागरी वाचता येते, लिहिता येत नाही. एके दिवशी फोनच्या कीबोर्डात मराठी चालू करून दिलं. त्याने रोमनमध्ये आजी लिहिलं आणि वर ‘आजी’ उमटलं. इस्लामपूरला माझ्या आईला त्याने पहिलं वाक्य पाठवलं, ‘आजी मला तुज्या हातचा भात अवडतो’. तुज्या. अवडतो. दोन चुका. आईने ते पान फोटो स्टुडिओतून मोठं करून घेतलं, भिंतीवर आहे. तुमच्या पंधरा दिवसांची वाट बघितली असती तर ते वाक्य आलंच नसतं.

ऱ्हस्वदीर्घ:
आणि तो विसाव्या वर्षीही ‘तुज्या’च लिहील. कारण कीबोर्डवरची शब्द सुचवणारी पट्टी जे पुढे करते ते आपण उचलतो. रोमनमध्ये एकच शब्द लिहा, कला, काला, काळा तिन्ही समोर येतात. ज्याला ळ माहीत आहे तोच काळा निवडतो. इनस्क्रिप्टमध्ये ळ तुम्हाला स्वतः दाबावा लागतो, म्हणून तो लक्षात राहतो. सोयीची सवय लागली की अक्षर जातं.

वर्धेची_काकू:
मला दोन्ही जमत नाही, मी बोटाने गिरवते. कीबोर्डात गिरवायची चौकट असते. माझा ऱ्य मी काढते तसाच उमटतो. साठीनंतर कुणी इनस्क्रिप्ट शिकायचं?

बांधावरून:
सर, मी सातवीपर्यंत शिकलो. २०१७ पासून फोनला मराठी बोललेलं कळायला लागलं तेव्हापासून मी लिहितो. त्याच्या आधी मी कुठेच काही लिहिलं नव्हतं. सहीशिवाय. एका सरकारी अ‍ॅपवर पिकाचा फोटो चढवायचा असतो. भर उन्हात चार तास बांधावर उभा होतो, नुसतं गोल फिरत राहिलं. तिथे माझा र बरोबर असून काय उपयोग झाला असता. तुम्ही शिकलेली माणसं आमची चूक धरता आणि आम्ही परत गप्प बसतो. मग गटावर फक्त तुमच्यासारखेच बोलत राहतात.

ऱ्हस्वदीर्घ:
मी तुमची नाही, यंत्राची चूक काढली. पण तुमच्या लिखाणाखाली काढली, हे चुकलं. तेवढं मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. बोलून झालं की शेतकऱ्यांना या शब्दावर बोट ठेवा, वरच्या पट्टीत बरोबर रूप येतं. दोनचारदा निवडलंत की तेच आधी यायला लागेल.

चकोर:
पुन्हा यादीकडे. कूपनचे चार गेम आणि टॉर्च काढले. फोन साफ करणारीही काढली, गेले दोन दिवस ती न वापरता फोन तसाच चालतोय. दामिनी, मेघदूत, एम-इंडिकेटर घातली. लूडो काढणार नाही.

आता कृष्णाकाठ ताईंना एक विचारतो. तुमची सगळी आवडती अ‍ॅप्स फुकट आणि बिनजाहिरातीची. लिचेस देणग्यांवर चालतं. तुम्ही किती दिले? मी २०१४ चा मॉन्युमेंट व्हॅली हा गेम पैसे मोजून घेतला होता, एकदाच, आणि त्यात एक जाहिरात नाही. आपल्या लोकांना शंभर रुपयांचं अ‍ॅप महाग वाटतं आणि मग जाहिरातींचा त्रास होतो म्हणून ओरडतात. फुकट हवं तर जाहिरात येणारच. मी दुकानदार आहे, मला कुणी माल फुकट देत नाही.

कृष्णाकाठ:
दिले नव्हते. पाच वर्षं वर्गातली मुलं त्यावर खेळवली आणि एक रुपया दिला नाही. तुमचा हा मुद्दा मला लागला. मी नोकरी करते, मला देणं शक्य आहे. आज रात्री देणगीचं पान उघडून बसते. पण माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी शंभर रुपये हा दोन वेळचा भाजीपाला आहे. त्यांच्यासाठी मी फुकटचंच शोधणार आणि बिनजाहिरातीचंच शोधणार. लूडो राहू दे. ‘मुलांसाठी’ या मथळ्याखाली मात्र ठेवू नका, ‘घरच्यांसोबत’ असा वेगळा करा.

चकोर:
करतो.

बांधावरून:
ताई, तुमचं ते पक्ष्याचं अ‍ॅप पोराने उतरवलं. आज पहाटे पाच वाजता बांधावर धरलं. इंग्रजीत कॉमन हॉक-कुकू असं आलं. पोरगं म्हणालं बापू हा कोण. मी म्हणालो अरे हा पावशा. पेरते व्हा, पेरते व्हा म्हणतो तो. मला लहानपणापासून आवाज माहीत होता पण पक्षी कधी दिसला नव्हता, तो झाडात लपूनच राहतो. फोटो आज पहिल्यांदा बघितला, शिकऱ्यासारखा दिसतो. शिकऱ्यासारखा बरोबर लिहिलं का सर.